एसटी६२-५५: मात्सुमोतोत बनलेली जपानी फेंडर, वर्षभर वाजवून झाल्यावर

मुद्द्याचं आधी सांगतो. जुनी जपानी फेंडर, म्हणजे फेंडर ह्या अमेरिकन कंपनीची जपानमध्ये बनलेली गिटार, घ्यायची असेल तर सिरीयल नंबरच्या सुरुवातीचं अक्षर बघून पैसे मोजू नका. मॉडेलच्या नावातला शेवटचा आकडा वाचा आणि नेक, म्हणजे गिटारचा लांब दांडा, हातात धरून बघा. मला हे कळायला एक चुकीची खरेदी आणि एक बरोबर खरेदी लागली, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी गिटार एसटी६२-५५ आहे, ई सिरीयल, म्हणजे १९८४ ते १९८७ च्या दरम्यानची. तीन रंगी सनबर्स्ट, रोझवुडचा फिंगरबोर्ड (नेकवरची बोटं ठेवायची पट्टी), बासवुडची बॉडी. कामानिमित्त टोकियोत आहे, तिथेच ओचानोमिझूच्या एका सेकंडहँड दुकानातून टॅक्स धरून १,१८,००० येनला घेतली. एक वर्ष झालं, जवळजवळ रोज वाजतेय, दोन बँडच्या रिहर्सलना जाते, एक अख्खा पावसाळा आणि एक कोरडा हिवाळा बघून झालाय, तेव्हा आता बोलायला हरकत नाही असं वाटतं.

आधी ते नाव कसं वाचायचं ते सांगतो, कारण मलाही सुरुवातीला ते एखाद्या प्रेशर कुकरच्या मॉडेल नंबरसारखं वाटायचं. एसटी म्हणजे स्ट्रॅटोकास्टर, टीएल म्हणजे टेलिकास्टर. ६२ म्हणजे १९६२ सालच्या अमेरिकन गिटारवर बेतलेली, ५७ असेल तर १९५७ ची, ७२ असेल तर मोठ्या हेडस्टॉकवाली (हेडस्टॉक म्हणजे नेकचं वरचं टोक, जिथे तारा आवळतात). आणि डॅशनंतरचा आकडा म्हणजे ती गिटार नवी असताना जपानमधली छापील किंमत, हजार येनमध्ये. म्हणजे माझी ५५,००० येनची होती, आणि त्याच सुमाराला त्याच कारखान्यातून, तोच आकार घेऊन एसटी६२-११५ पण बाहेर पडत होती, १,१५,००० ची. लांबून दोघी सख्ख्या बहिणी दिसतात. पण ११५ ला लॅकरचं फिनिश आणि अमेरिकेहून आलेले पिकअप (तारांचा आवाज उचलणारे चुंबक), आणि ५५ ला जाड पॉलिस्टरचं फिनिश आणि जपानी पिकअप. दुकानात पाटीवर नुसतं ‘फेंडर जपान, ८० चं दशक’ असं लिहिलेलं असतं आणि आपण दशकालाच पैसे देऊन मोकळे होतो, आकडा कोणी विचारतच नाही.

ओचानोमिझू माहीत नसेल त्यांच्यासाठी, स्टेशनातून बाहेर आलं की उतारावर दोन्ही बाजूंना गिटारचीच दुकानं, जमिनीपासून छतापर्यंत टांगलेल्या, एकेका दुकानाचे चार-चार मजले. तिथे जाऊन नुसतं ‘शिसो’ म्हणायचं, म्हणजे वाजवून बघायचंय, की माणूस गिटार खाली काढतो, ट्यून करतो, कपड्याने पुसतो आणि खुर्ची देतो, आणि मग तुम्हाला एकटं सोडतो. घाई कोणी करत नाही. मी त्या दिवशी सहा गिटार वाजवल्या, तीन जपानी, दोन मेक्सिकन, एक नवी अमेरिकन, आणि ह्या ५५ वर परत परत येत होतो.

कारण काय, तर फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं. हे जरा नीट सांगतो कारण माझ्या मते ह्या गिटारची खरी किंमत इथेच आहे. २१ फ्रेट, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ४२ टोकं. नेकच्या कडेवरून अंगठा वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवला तर एकही टोक बोटाला लागत नाही, प्रत्येक टोक कानशीने गोल केलेलं, आणि ते गोल एकसारखं, पहिल्याचं जसं तसंच विसाव्याचं. चाळीस वर्षांत लाकूड थोडंफार आक्रसतं आणि मग धातूची टोकं बाहेर येऊन बोचायला लागतात, नव्या गिटारनासुद्धा एका हिवाळ्यात हे होतं, इथे नाही झालेलं, म्हणजे लाकूड बसवायच्या आधी नीट वाळवलेलं होतं. दुसरी जागा म्हणजे नेक बॉडीत जिथे बसतो तो खाचा. मी खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढून बाजूच्या फटीत घालायचा प्रयत्न केला, गेलं नाही. सगळ्यात स्वस्त ओळीतली गिटार होती ही, तिच्यावर एवढा वेळ कोणीतरी घालवलाय, आणि त्याचं नाव कुठेही लिहिलेलं नाही.

ते कोणीतरी म्हणजे नागानो प्रांतातल्या मात्सुमोतोच्या फुजिजेन गाक्कीची माणसं. गाक्की म्हणजे वाद्य. ही कंपनी १९६० ची, सुरुवात क्लासिकल गिटारनी केली, मग इलेक्ट्रिकमध्ये आली. ७० च्या दशकात होशिनो कंपनीच्या इबानेझ गिटार इथेच बनायच्या आणि कांदा शोकाईच्या ग्रेको पण. त्यातल्या बऱ्याचशा अमेरिकन गिटारच्या सहीसही नकला होत्या, हे काही लपवण्यासारखं नाही, १९७७ ला गिब्सन ह्या अमेरिकन गिटार ब्रँडच्या मालक कंपनीने हेडस्टॉकच्या आकारावरून इबानेझवर अमेरिकेत केस टाकली होती. तिकडे हामामात्सुमध्ये तोकाई कंपनी स्ट्रॅटच्या इतक्या चांगल्या प्रती काढत होती की लोक मूळ सोडून त्या घेत होते.

आणि मूळची अवस्था काय होती? लिओ फेंडरने १९६५ ला कंपनी सीबीएस ह्या अमेरिकन प्रसारण कंपनीला विकली होती, १ कोटी ३० लाख डॉलरला, आणि ७० च्या दशकात उत्पादन वाढवत नेलं पण दर्जा घसरत गेला. वजनदार बॉड्या, सैल नेक, हे त्या काळातल्या गिटारबद्दल तुम्हाला कोणीही सांगेल. शेवटी १९८१ ला सीबीएसने यामाहाच्या अमेरिकेतल्या धंद्यातून माणसं आणली, बिल शुल्ट्झ, डॅन स्मिथ वगैरे, आणि त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. एक, कॅलिफोर्नियात फुलर्टनचा स्वतःचा कारखाना सुधारायचा. दोन, जपानी नकलांशी कोर्टात भांडत बसण्यापेक्षा जे लोक इतकं चांगलं बनवतायत त्यांच्याकडूनच बनवून घ्यायचं. मार्च १९८२ ला फेंडर जपान उभी राहिली, फेंडर, कांदा शोकाई आणि यामानो गाक्की अशा तिघांची भागीदारी. सौद्याचा भाग म्हणून कांदाने ग्रेकोच्या फेंडर-नकला बंद केल्या. आणि कारखाना कुठला, तर तोच, फुजिजेन. म्हणजे काल जे हात नक्कल करत होते तेच हात आज अस्सल बनवायला लागले, हेडस्टॉकवरचं नाव तेवढं बदललं. मला ह्या गोष्टीतला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो, कारण ह्यात कोणी नकलाकार म्हणून हिणवलं नाही, काम बघितलं आणि काम दिलं.

ह्या पहिल्या गिटार म्हणजे जेव्ही सिरीयल, १९८२ ते ८४ च्या. युरोपात पाठवायच्या होत्या त्यांच्यावर सुरुवातीला मोठा फेंडरचा लोगो आणि बाजूला छोटंसं ‘स्क्वायर सीरिज’ असं होतं, नंतर स्क्वायर हेच मोठं नाव झालं. स्क्वायर हे नाव पण नवीन नव्हतं, मिशिगनमधल्या व्ही. सी. स्क्वायर नावाच्या तारा बनवणाऱ्या जुन्या कंपनीचं, जी फेंडरने १९६५ मध्ये घेतलेली. आज स्क्वायर म्हटलं की शिकाऊ पोरांची गिटार डोळ्यासमोर येते, पण त्या पहिल्या दोन वर्षांच्या स्क्वायर लोक जपून ठेवतात.

आता जेव्हीच्या वेडाबद्दल माझं मत. माझ्या बँडमधल्या एका मित्राकडे जेव्ही सिरीयलची एसटी६२-११५ आहे आणि मी ती महिनाभर घरी आणून वाजवली, माझी ५५ बाजूला ठेवून, त्याच अँपवर, त्याच तारा टाकून. ११५ चांगली आहे, ह्यात वाद नाही. लॅकर हाताला वेगळं लागतं, घाम आला की किंचित चिकटतं पण लाकडाच्या जवळ असल्यासारखं वाटतं, आणि पिकअपमध्ये तो घंटेसारखा आवाज आहे जो माझ्या गिटारमध्ये नव्हता. पण नेकचं काम? डोळे मिटून हातात दिली तर कुठली कुठली ते मला सांगता आलं नाही, आणि मी खरंच डोळे मिटून, त्याला अदलाबदल करायला सांगून बघितलं. जेव्हीतही ६५ वाल्या होत्या ज्या ११५ पेक्षा पुष्कळ साध्या होत्या. मग बाजारात काय होतं, तर जेव्ही ६५ ही नुसत्या दोन अक्षरांच्या जोरावर नंतरच्या ई सिरीयलच्या ११५ च्या भावात विकली जाते. माझ्या हिशोबाने हे उलटं आहे. ई ११५ मिळत असेल तर डोळे झाकून ती घ्या.

बरं, माझ्या गिटारचे दोष. हे पण तितकंच नीट सांगायला पाहिजे.

पिकगार्ड (बॉडीवरची प्लास्टिकची पट्टी) उघडलं की लगेच कळतं पैसे कुठे वाचवलेत. पॉट, म्हणजे नॉबखालचे आवाज कमीजास्त करणारे पार्ट, अगदी छोटे, दहा येनच्या नाण्यापेक्षा लहान, पिकअप निवडायचा सिलेक्टर स्विच बंद डबीसारखा प्लास्टिकचा, वायरी बारीक. चाळीस वर्षांनी त्या पॉटमधून व्हॉल्यूम फिरवताना खरखर यायची, क्लीनर मारला की दोन आठवडे बरं, परत तेच. स्विच तर मधल्या जागेवर कधी कधी आवाजच बंद करायचा, एका रिहर्सलला सोलोच्या मधोमध झालं. तेव्हा ठरवलं की आतलं सगळं बदलायचं.

आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवा जी मला कोणी आधी सांगितली नव्हती. जपानी गिटार मिलिमीटरमध्ये बनलेली असते आणि अमेरिकन पार्ट इंचात. अमेरिकन मोठे पॉट आणले तर पिकगार्डची भोकं लहान पडतात, ८ मिलिमीटरच्या आसपासची भोकं साडेनऊपर्यंत मोठी करावी लागतात. नॉबचं पण तेच, आतले दाते वेगळे, अमेरिकन नॉब जपानी पॉटवर दाबून बसवायला गेलात तर एकतर बसत नाही नाहीतर दाते घासले जातात. ओचानोमिझूच्या पार्टच्या दुकानात एकाच कप्प्यात शेजारी शेजारी दोन चिठ्ठ्या असतात, इंच आणि मिली, दिसायला हुबेहूब तोच नॉब, आणि मी पहिल्यांदा उचलले ते अर्थातच चुकीचे होते, कातकाना लिपीत लिहिलेलं न वाचता. ब्रिजचं, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या पार्टचं, पण बघून घ्या, बऱ्याच स्वस्त जपानी मॉडेलांत दोन तारांमधलं अंतर साडेदहा मिलिमीटर असतं, जुन्या अमेरिकन मापापेक्षा थोडं कमी, त्यामुळे अमेरिकन ब्रिज आणून सरळ ठोकून दिला असं होत नाही. माझ्यावर मूळ ब्रिज आहे आणि मी तो ठेवलाय, उजव्या हाताला त्या अंतराची सवय व्हायला आठवडा लागला फक्त.

पॉट, स्विच, जॅक, वायरी सगळं बदललं. पिकअप मात्र मूळचेच ठेवले, कारण नव्या पॉटवर त्यांचा आवाज उघडला. नेकच्या बाजूचा पिकअप गोड आहे, क्लीन आवाजात आणि थोड्या रिव्हर्बवर तासभर वाजवत बसावंसं वाटतं. स्विचची दोन नंबर आणि चार नंबरची जागा, तो किंचित नाकातला आवाज, तोही आहे. ब्रिजचा पिकअप मात्र तिखट आहे, टोन अर्धा कमी केल्याशिवाय मला चालत नाही, आणि स्ट्रॅटच्या मूळ वायरिंगमध्ये ब्रिज पिकअपला टोनचा नॉबच लागत नाही, म्हणून एक छोटी वायर जोडून खालचा टोन ब्रिजला घेतला. पाच मिनिटांचं काम, सगळ्यांनी करावं.

अजून एक दोष, ज्याला काही जण गुण म्हणतील. ६२ चं मॉडेल म्हणजे फिंगरबोर्डची गोलाई पण जुनी, सव्वासात इंचांची, आणि फ्रेट बारीक आणि बुटके. कॉर्ड धरायला हे स्वर्ग आहे, बार कॉर्डला तर्जनी आपोआप बसते. पण वरच्या फ्रेटवर पूर्ण सूर किंवा दीड सूर ओढायला गेलं की तार मधल्या उंचवट्याला टेकते आणि आवाज गुदमरतो. तारा थोड्या वर उचलल्या की सुटतं, मी १२ व्या फ्रेटला जवळजवळ २ मिलिमीटर ठेवल्यात. तुमचं वाजवणं सगळं वरच्या फ्रेटवर, लांब बेंड आणि वेगवान असेल, तर ही गिटार तुमच्यासाठी नाही हे स्पष्ट सांगतो. त्यांनी हाराजुकूला जावं.

हाराजुकूला म्हणजे फेंडरचं जे स्वतःचं मोठं दुकान आहे तिथे, जून २०२३ ला उघडलं, कंपनीचं जगातलं पहिलं असं दुकान. मी दोनदा जाऊन आलो. नव्या मेड इन जपान ट्रॅडिशनल आणि हायब्रिड मालिका तिथे आरामात वाजवता येतात. फिंगरबोर्ड साडेनऊ इंचांचा, म्हणजे जास्त सपाट, बेंड सहज जातात, इलेक्ट्रॉनिक्सला कटकट नाही, गॅरंटी आहे. कारागिरी आजही व्यवस्थित आहे, फ्रेटची टोकं मी सवयीने तपासली आणि चांगली होती. माझ्यासारखी चाळीस वर्षं लाकूड मुरलेली गिटार आणि कालपरवा बनलेली गिटार ह्यांची तुलना करणं बरोबर नाही, पण कुणाला पहिलीच चांगली गिटार घ्यायची असेल आणि स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायची आवड नसेल तर मी नवीच घे म्हणेन.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात. ९० च्या दशकाच्या उत्तरार्धात काम फुजिजेनकडून तोकाई आणि डायना गाक्कीकडे गेलं आणि नेकवर ‘मेड इन जपान’च्या ऐवजी ‘क्राफ्टेड इन जपान’ असं यायला लागलं. ते बघून पुष्कळ जण नाक मुरडतात, की ही खरी नाही, फुजिजेनची नाही. मी दोन क्राफ्टेड इन जपान टेलिकास्टर वाजवल्यात, दोन्ही उत्तम. तोकाई ही तीच कंपनी ना जिच्या नकलांनी फेंडरची झोप उडवली होती? तिचं काम कमी दर्जाचं कसं असेल. उलट ह्या नावामुळे त्या स्वस्त मिळतात, तर फायदा घ्या. २०१५ ला कांदा शोकाईबरोबरची व्यवस्था संपली आणि फेंडरने जपानचा कारभार स्वतःकडे घेतला, आताच्या सगळ्या त्यानंतरच्या.

आता ती चुकीची खरेदी. ओचानोमिझूच्या आधी मी एक ई सिरीयलची स्ट्रॅट ऑनलाइन घेतली होती, फोटो झकास, वर्णनात लिहिलेलं की नेक सरळ आहे, ७४,००० येन. आली तेव्हा तारा पाचव्या फ्रेटपासून वर धनुष्यासारख्या उचललेल्या. म्हटलं ट्रस रॉड, म्हणजे नेक सरळ ठेवणारी आतली सळई, फिरवू. ह्या जुन्या पद्धतीच्या नेकमध्ये ट्रस रॉडचा स्क्रू हेडस्टॉककडे नसतो, नेकच्या खालच्या टोकाला, बॉडीच्या आत लपलेला असतो, म्हणजे तारा सैल करा, चार स्क्रू काढा, नेक वेगळा करा, पाव फेरा द्या, परत जोडा, ट्यून करा, बघा, नाही जमलं तर परत सगळं. तीनदा केलं. चौथ्यांदा स्क्रू फिरेनाच, आधीच्या मालकाने तो शेवटपर्यंत आवळून ठेवला होता आणि वरून पॅकिंगला एक कागदाची घडी घातली होती. विकणाऱ्याला लिहिलं, उत्तर आलं की माल जुना आहे, परत घेतला जाणार नाही. पुढे ती मी जंक म्हणून विकली, खरं काय ते लिहून, निम्म्या पैशात. इकडे सेकंडहँड दुकानांत जंक म्हणून वेगळा ढीगच असतो, त्यात वाईट काही नाही, पण ज्याने विकलं त्याने तसं लिहायला हवं होतं ना.

म्हणून ओचानोमिझूत मी पहिलाच प्रश्न विचारला, ट्रस रॉड किती शिल्लक आहे. दुकानातला माणूस हसला नाही, कंटाळला नाही. गिटार आत घेऊन गेला, दहा मिनिटांनी नेक वेगळा करून ट्रेवर घेऊन आला आणि माझ्यासमोर स्क्रू अर्धा फेरा आवळून, परत सैल करून दाखवला. नेकच्या खालच्या टोकाला, जिथे कोणी बघत नाही, पेन्सिलीने काढलेली एक पुसट खूण होती, बरोबरच्या चिन्हासारखी. कोणीतरी तपासून पास केलं होतं. मी तिथेच कार्ड काढलं. तेव्हा कुठलीही जुनी जपानी घ्या, हा एक प्रश्न विचाराच, आणि उत्तर द्यायला जो का कू करेल त्याच्याकडून घेऊ नका.

ह्या गिटारच्या जन्माच्या वर्षांत पलीकडे काय चाललं होतं हे मला घेतल्यानंतर कळलं. १९८५ ला सीबीएसने फेंडर बिल शुल्ट्झ आणि त्याच्या माणसांना १ कोटी २५ लाख डॉलरला विकून टाकली, वीस वर्षांपूर्वी घेतलेली त्यापेक्षाही कमी भावात. त्या सौद्यात नाव आलं, डिझाइन आली, पण फुलर्टनचा कारखाना आला नाही. म्हणजे कंपनी अमेरिकन आणि अमेरिकेत गिटार बनवायला जागा नाही. कॅलिफोर्नियातल्याच कोरोना गावात नवीन कारखाना सुरू होऊन मार्गी लागेपर्यंत दुकानात लटकणाऱ्या बहुतेक फेंडर मात्सुमोतोहून येत होत्या. तो ब्रँड आज आहे तो त्या एक-दोन वर्षांत त्या मजुरांनी तारलाय असं मी म्हणतो, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. जॅग्वार आणि जॅझमास्टर ह्या फेंडरच्याच दुसऱ्या मॉडेलांचं पण बघा, अमेरिकेत दोन्ही बंद पडल्या होत्या, जपानने ८० च्या दशकातच परत आणल्या, अमेरिकन पुनरावृत्ती यायला १९९९ उजाडलं.

आणि बक्षीस काय मिळालं तर येन महाग झाला. डॉलर स्वस्त करायच्या सप्टेंबर १९८५ च्या प्लाझा करारानंतर डॉलरला २४० च्या आसपास असलेला येन १९८७ संपता संपता १२५ च्या आसपास आला, म्हणजे तीच गिटार अमेरिकेत जवळजवळ दुप्पट महाग. मग स्वस्त स्क्वायर कोरियात गेल्या, मेक्सिकोत एन्सेनाडाला १९८७ ला फेंडरचा कारखाना निघाला, आणि जपानी गिटार हळूहळू जास्त करून जपानसाठीच राहिल्या. म्हणून आज इथे त्या इतक्या सापडतात.

मागच्या नोव्हेंबरात शिंजुकूहून अझुसा एक्स्प्रेस पकडून मात्सुमोतोला गेलो होतो, अडीच-पावणेतीन तास. कारखान्यात वगैरे नाही गेलो, नुसतं गाव बघायला. काळा किल्ला, मागे बर्फाचे डोंगर, आणि हवा इतकी कोरडी की ओठ फुटले. जुन्या काळापासून लाकूडकामाचं गाव आहे हे. मात्सुमोकू म्हणून अजून एक मोठा गिटार कारखाना होता इथे, १९८७ ला बंद झाला, तो तर आधी सिंगरच्या शिलाई मशिनची लाकडी कॅबिनेट बनवायचा. रस्त्यात एका फर्निचरच्या दुकानात खुर्चीच्या हातावरून मी नकळत अंगठा फिरवला, जसा फ्रेटवरून फिरवतो तसा, आणि कड तशीच होती, गोल, कुठेही न लागणारी. दुकानातल्या आजींनी विचारलं गिटार वाजवतोस का. त्यांना कसं कळलं ते विचारायचं राहून गेलं.

टोकियोचा पावसाळा जून-जुलैत असतो, घरात भिंती ओल्या होतात, तेव्हा वाटलं नेक हलणार. सहा आठवड्यांत तारा केसभर खाली आल्या, तेवढंच, ऑगस्टमध्ये आपोआप जागेवर. ट्रस रॉडला वर्षभरात हात लावलेला नाही.

रेटिंग द्यायचं तर नेक आणि लाकूडकाम पाचपैकी पाच, इलेक्ट्रॉनिक्स मूळ स्थितीत दोन, बदलल्यावर चार, आवाज चार. बदलायच्या कामाचे १५-२० हजार येन खरेदीतच धरून चाला, म्हणजे नंतर त्रास होत नाही. मूळचे छोटे पॉट आणि तो डबीवाला स्विच फेकले नाहीत, पिशवीत घालून केसमध्ये ठेवलेत, पुढे कधी कोणाला गिटार जशी होती तशी करायची असेल तर. फ्रेट अजून एकदा समतल करता येतील एवढे उंच आहेत असं दुरुस्तीवाला म्हणाला, मग बदलावे लागतील, आणि तेव्हा जाड टाकू का असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं, हेच बारीक फ्रेट टाका, आणि टोकं आहेत तशी करून द्या.